हिंदमाताला पाणी भरलंय म्हणून लिहायला बसले

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू जे विचारलंस त्याला मी नीट उत्तर दिलंच नाही, "झोप आता, उद्या बोलू" म्हणून ठेवून दिला आणि मग रात्रभर मलाच झोप नाही. आज बोलायचं म्हटलं तर तू ड्युटीवर, आणि फोनवर मला हे सगळं सुचणारही नाही. सकाळपासून धो धो पडतोय, हिंदमाताला पाणी भरलंय, कंपाउंडर काका करी रोडपासून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून क्लिनिकला चालत आले आणि अकरा वाजेपर्यंत फक्त दोन पेशंट, त्यातला एक तर पावसात अडकला म्हणून वर आलेला. म्हटलं बसूया लिहायला.

फॉर्म शनिवारपर्यंत भरायचाय, एमडीनंतरच्या डीएमसाठी कार्डिओलॉजी, म्हणजे हृदय, वर टाकू की एन्डोक्रायनॉलॉजी, म्हणजे हार्मोन, हा तुझा एक प्रश्न. आणि दुसरा तू फोन ठेवता ठेवता विचारलास, "आई, तू त्या मोठ्या हॉस्पिटलातच राहिली असतीस तर आज प्रोफेसर असतीस ना गं, वाईट नाही वाटत?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं आहे पण ते लांबलचक आहे, चहा घेऊन बस.

मी १९८१ ला केईएम हॉस्पिटलला शिकायला लागले. पहिलं वर्ष संपायच्या आत, जानेवारी ८२ मध्ये, गिरणी संप सुरू झाला, आणि पुढे वॉर्डात मी जे पेशंट बघितले त्यातले कितीतरी आपल्याच आजूबाजूचे, लालबाग परळ शिवडीचे. राऊंड संपला की आमचे सर जुन्या गोष्टी सांगायचे. १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी केईएममध्येच भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, पेशंट काही तासच जगला, पण त्या काळात हे धाडस करणारी माणसं जगात मोजकीच होती. सगळी पोरं या गोष्टीने भारावून जायची. मला मात्र दुसरी गोष्ट जास्त आवडायची, डॉ. रुस्तम जाल वकिलांची. सर्पगंधा आपल्या वैद्यांना शेकडो वर्षं माहीत होती, तिच्या गोळ्या बाजारात मिळत होत्या, डॉक्टर देतही होते. वकिलांनी काय केलं तर ती गोळी पेशंटला दिली, बीपी मोजलं, परत मोजलं, लिहून ठेवलं आणि १९४९ ला ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. तेव्हा बीपीवर जगात कुठेच धड औषध नव्हतं गं. पुढे ५२ साली त्या मुळीतून रेसर्पिन हे औषध वेगळं काढलं गेलं आणि ५७ ला वकिलांना लास्कर अवॉर्ड, अमेरिकेतला वैद्यकातला मोठा पुरस्कार, मिळालं. मुंबईत बसून, समोरच्या पेशंटचं नीट लिहून ठेवून, जगाला काहीतरी नवीन सांगता येतं हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

हार्मोनचं वेड मात्र तुझ्या आजीमुळे लागलं. माझी आई मे महिन्यात, मुंबईच्या त्या घामाच्या दिवसांत, खोलीत स्वेटर घालून बसायची. आवाज घोगरा झालेला, पायावर सूज, नाडी पन्नाशीत, आणि चाळीतल्या बायका म्हणायच्या की पोरगी डॉक्टर व्हायला लागली तशी ही आळशी झाली. मी तिला ओपीडीत घेऊन गेले. तिथल्या मॅडमनी तिच्या घोट्यामागे हातोडी मारली, पाऊल हललं आणि मग इतकं सावकाश, इतकं सावकाश परत जागेवर आलं की मॅडमनी मला जवळ बोलावून परत मारून दाखवली. थायरॉईड. कोलेस्टेरॉल पण खूप वाढलेलं. गोळी अगदी थोडी सुरू केली कारण वय झालेलं, एकदम मोठा डोस दिला तर हृदयावर ताण येऊन छातीत दुखायला लागू शकतं, मग हळूहळू वाढवली. काही महिन्यांनी कोलेस्टेरॉल खाली आलं, कोलेस्टेरॉलची एकही गोळी न देता. आणि माझी आई परत भांडायला लागली, नळावर, पहिल्यासारखी. गळ्यातल्या एवढ्याशा ग्रंथीने हृदय, रक्तातली चरबी, पाय, आवाज, स्वभाव सगळं धरून ठेवलं होतं. तेव्हापासून मला कधी जमलंच नाही की हा पेशंट हार्टचा आणि हा हार्मोनचा असं वेगळं करून बघायचं.

एमडी झाल्यावर मी एका मोठ्या हॉस्पिटलात रिसर्चला लागले, नाव लिहीत नाही, तुला माहितीये. विषय मनासारखा, पाळी गेल्यानंतरचं हृदय. पाळी असेपर्यंत बायकांना अटॅक पुरुषांपेक्षा कमी येतात, पाळी गेली की प्रमाण वाढत जातं, म्हणजे इस्ट्रोजेन, बायकांचं ते हार्मोन, हृदयाला सांभाळत असणार, मग ते बाहेरून दिलं की झालं. किती सरळ वाटतं ना? आणि नुसतं वाटायचं नाही, पुरावा होता. अमेरिकेतल्या हजारो नर्सेसच्या स्टडीत हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसत होता. आम्ही आमच्या पेशंटना गोळ्या द्यायचो, तपासण्या करायचो, वाईट कोलेस्टेरॉल खाली, चांगलं वर, आणि मी ते रिपोर्ट घरी आणून बाबांना दाखवायचे, इतका आनंद व्हायचा मला.

१९९८ ला एक मोठी ट्रायल आली, म्हणजे कुणाला हार्मोनची गोळी आणि कुणाला नुसती दिसायला तशी खोटी गोळी हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं, आधीच हृदयविकार असलेल्या २७६३ बायका, चार वर्षं, फायदा काहीच नाही आणि पहिल्या वर्षात उलट अटॅक जास्त. आम्ही काय म्हटलं माहितीये? की या बायका आधीच आजारी होत्या, धडधाकट बायकांचं वेगळं असणार. मी स्वतः उभी राहून एका मीटिंगमध्ये हे बोललेय.

मग जुलै २००२. तू सहा वर्षांची होतीस, तुझ्या शाळेचा रेनकोट शोधत होतो आपण. धडधाकट बायकांवरची ती अमेरिकन ट्रायल, १६,६०८ बायका, साडेआठ वर्षं चालायची होती ती साधारण पाच वर्षांतच थांबवली, कारण गोळी घेणाऱ्यांना नुकसान जास्त दिसत होतं. दहा हजार बायका वर्षभर गोळी घेतायत असं धर, तर हृदयविकाराच्या ७ केसेस जास्त, लकव्याच्या ८ जास्त, स्तनाच्या कॅन्सरच्या ८ जास्त. खुब्याचं हाड मोडण्याच्या ५ कमी, हेही होतं. आकडे छोटे आहेत, एकेका बाईला धोका थोडाच. पण आपण ती गोळी देत होतो हृदय वाचवायला! आणि हृदयाचाच आकडा उलटा.

मग आधी जे दिसत होतं ते काय होतं, तर ते हार्मोनमुळे नव्हतंच बहुतेक. मला ते शिवाजी पार्कला कळलं. सकाळी तिथे फेऱ्या मारणाऱ्या बायका बघ, शिकलेल्या, हातात थोडे पैसे असलेल्या, दरवर्षी चेकअप करणाऱ्या, तेल मोजून वापरणाऱ्या. गोळ्या माझ्याकडून कोण घेत होतं तर त्याच. लालबागच्या मासळी बाजारात टोपली घेऊन बसणारी मावशी घेत नव्हती. म्हणजे गोळी घेणारीचं हृदय मुळातच बरं असणार होतं, गोळी घेवो न घेवो, आणि आम्ही श्रेय गोळीला देऊन टाकलं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, आणि तरी स्वतःच्या पेशंटमध्ये मला दिसलं नाही.

मी वही काढली आणि ज्यांना ज्यांना गोळी चालू होती त्या सगळ्यांना लँडलाईनवरून एकेक करून फोन केले. बहुतेक जणी म्हणाल्या बरं डॉक्टर, बंद करते. हिंदू कॉलनीतल्या त्या काकू आठवतायत ना, तुला आवळा सुपारी द्यायच्या त्या, त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग चार वर्षं तुम्ही मला हे कशाच्या आधारावर दिलंत?" रागाने नाही हं, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं. त्यांना काही झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. पण मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. सगळे देत होते म्हणून, असं कसं सांगायचं.

एक सांगून ठेवते, कारण तुझ्या पिढीत उलटंच झालंय. त्यानंतर लोक इतके घाबरले की पन्नाशीच्या आतबाहेरच्या बायका अंगातून वाफा, रात्रीचा घाम, झोप नाही अशा अवस्थेत वर्षानुवर्षं राहिल्या आणि डॉक्टर म्हणायचे सहन करा. साठीच्या आत असेल, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील, त्रास खूप असेल आणि बाकी काही अडचण नसेल तर देता येतं, समजावून द्यावं. फक्त हृदय वाचेल म्हणून देऊ नये. ट्रायलमधल्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या आणि बऱ्याचजणींची पाळी जाऊन खूप वर्षं झालेली होती, हे हेडलाईनमध्ये कुणी लिहिलं नाही.

नोकरी सोडली ती मात्र यामुळे नाही, पुढच्या गोष्टीमुळे, ती तुला मी कधी पूर्ण सांगितली नव्हती. बीपीच्या एका औषधाची ट्रायल होती, आमच्याकडचा भाग माझ्याकडे. शेवटी आकडे उघडले तर नवीन औषध जुन्यापेक्षा कणभरही सरस नाही. वाईट नाही, पण सरस नाही. मला सांगण्यात आलं की गट पाडून बघा, पुरुषात बायकांत, शुगरवाल्यांत, पन्नाशीच्या वरच्यांत, कुठेतरी फरक निघेल तेवढाच घेऊन पेपर करू. मी त्यांना आयसिस टू नावाच्या ट्रायलची गोष्ट सांगितली. १९८८, हार्ट अटॅकचे १७ हजारांवर पेशंट, ॲस्पिरिनने मृत्यू स्पष्ट कमी झाले. जर्नलने वेगवेगळ्या गटांचे आकडे मागितले तेव्हा त्या संशोधकांनी मुद्दाम पेशंटच्या राशीप्रमाणेही गट पाडून दिले, आणि निघालं काय तर मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा उपयोगच नाही! म्हणजे पुरेसे तुकडे केले की कुठल्या ना कुठल्या तुकड्यात काहीतरी निघतंच, आणि ते खोटं असतं. मी हे सगळं सांगितलं, ऐकून घेतलं गेलं, आणि पेपर आला तेव्हा त्यात एक गट होता आणि माझं नाव नव्हतं. भांडले नाही मी. आज वाटतं भांडायला हवं होतं, माझ्या नावासाठी नाही, त्या गोळीचे जास्तीचे पैसे देणाऱ्या माणसांसाठी.

तर असं मी लालबागला आले. तुला तो जिना आठवत असेल, चाळीचा, लाकडी, अगदी उभा. पेशंट वर यायचा, धापा टाकत खुर्चीत बसायचा, मी लगेच बीपीचा पट्टा बांधायचे, १६०, लिही गोळी. वर्षभर असं केल्यावर एका रविवारी रजिस्टर घेऊन बसले तर लक्षात आलं की जवळजवळ सगळे आकडे शून्याने संपतायत. १४०, १५०, १६०, खाली ९०, १००. अगं पाऱ्याच्या मशीनवर दोन दोनच्या रेघा असतात, म्हणजे ०, २, ४, ६, ८ सगळे सारखेच यायला हवेत, पाचातलं एक शून्य. माझ्याकडे सगळीच शून्यं. म्हणजे मी मोजत नव्हते, अंदाज लिहीत होते, डॉ. वकिलांची गोष्ट इतकी वर्षं डोक्यात ठेवून.

मग तो बाक आला, जो अजून आहे. वर आलं की पाच मिनिटं बाकावर बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, बोलायचं नाही, मग दंड हृदयाच्या उंचीला ठेवून दोनदा मोजायचं. काका सगळ्यांना दटावून बसवायचे. आणि चिऊ, कितीतरी जणांचं बीपी नॉर्मल निघालं, ज्यांना मी स्वतः गोळ्या लावल्या होत्या. काहींच्या कमी केल्या, काहींच्या बंद. एकीला उभं राहिलं की चक्कर यायची म्हणून तिची मुलगी तिला खाली सोडायची नाही, ती परत भाजीला जायला लागली. आयुष्यात कुठल्या पेपरने मला एवढं समाधान दिलं नाही.

तेव्हाच मी ज्युलियन ट्यूडर हार्ट वाचला. वेल्समधल्या खाणीच्या गावातला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, ग्लिनकॉरग नावाचं गाव. त्याने क्लिनिकमध्ये येणाऱ्यांचंच नाही, गावातल्या सगळ्यांचं बीपी मोजायचं ठरवलं, आणि पंचवीस वर्षं त्याच लोकांच्या मागे राहिला. १९७१ मध्ये त्याने लिहिलं की जिथे आजार जास्त तिथे चांगले उपचार कमी पोचतात. हे लालबागमध्ये बसून वाचलं ना, की अंगावर येतं. आणि आपल्या शेजारी टाटा हॉस्पिटलात काय चाललं होतं बघ, १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायका, दहावी शिकलेल्या मुलींना चार आठवडे शिकवून तयार केलं, ॲसिटिक ॲसिड म्हणजे साधारण व्हिनेगरच, ते लावून गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, आणि त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मुंबईच्या वस्तीत झालेलं काम आहे हे. त्यावरून मी धीर करून काकांना बीपी मोजायला शिकवलं, आणि खरं सांगते, त्यांच्या आकड्यांत शून्यं माझ्यापेक्षा कमी होती.

आता तुझ्या फॉर्मकडे येते. बेस्टचे एक कंडक्टर यायचे, चाळिशी नुकतीच उलटलेली, तीन गोळ्या चालू आणि बीपी तरी १७० च्या आसपास. आधी दोन हार्टच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालेला, हृदयाची भिंत जाड झालीय म्हणून सांगितलेलं, गोळी वाढवलेली. ते जाता जाता म्हणाले, "मॅडम, हल्ली डबल डेकरच्या जिन्यावर पाय लुळे पडल्यासारखे होतात." पोटॅशियम केलं तर खूप कमी. मग रक्तातलं ॲल्डोस्टेरॉन आणि रेनिन तपासलं, मग सीटी, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत छोटीशी गाठ. जेरोम कॉनने १९५५ मध्ये लिहून ठेवलेला आजार, ॲल्डोस्टेरॉन हे हार्मोन जास्त, मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम फेकून देतं, बीपी चढतं. गाठ काढली, एका गोळीवर आले. त्यांचं दुखणं हार्टचं होतं, हार्मोनचं होतं, आणि सापडलं ते का, तर कुणीतरी त्यांना जिन्याबद्दल बोलू दिलं. तू कुठल्याही खुर्चीत बसलीस तरी हा माणूस तुझ्याकडे येणारच आहे. कार्डिओला गेलीस तर पोटॅशियम बघ, एन्डोला गेलीस तर स्टेथो खिशातून काढ.

आणि रिसर्च करायचाच असेल तर आपल्या माणसांवर कर. कोलेस्टेरॉल आणि बीपी हृदयाला घातक हे आपल्याला कळलं ते १९४८ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ५२०९ माणसांमुळे, मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे, पण ती माणसं वेगळी. आपल्याकडे पहिला अटॅक जवळजवळ सहा वर्षं आधी येतो, हे २००७ ला छापून आलंय. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचा तो फोटो तुला मी दाखवला होता, ते आणि त्यांचा इंग्लंडमधला सहकारी, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, बरोब्बर २२.३, पण एकाच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या २१. म्हणून आपल्या क्लिनिकमध्ये वजनकाट्यापेक्षा पोट मोजायची शिंप्याची टेप जास्त वापरली जाते. त्या टेपचे, बीपीचे, शुगरचे वीस वर्षांचे आकडे माझ्याकडे आहेत, त्याच त्याच घरांचे, आधी आई, मग मुलगा, आता नातू.

तर वाईट वाटतं का? हो, वाटतं. समोर बसून "हे चुकीचं मोजतेयस" म्हणणारं कुणी नव्हतं, स्टॅटिस्टिक्सवाला नव्हता, लायब्ररी नव्हती, मी रात्री तुझ्या अभ्यासाच्या टेबलावर बसून एकटीच गुणाकार करायचे. बाकावर बसवून बीपी मोजण्यावर मी लिहिलेला तो पेपर तीन जर्नल्सनी परत पाठवला, चौथ्याने छापला तेव्हा तू दहावीत होतीस आणि आपण आस्वादमध्ये जाऊन मिसळ खाल्ली होती. मी दिवसाला पन्नास साठ पेशंट बघत असताना जे प्रश्न सुचले त्यातले बरेच तसेच राहिले. प्रोफेसर झाले नाही याचं नाही वाटत, ते प्रश्न राहिले याचं वाटतं. रजिस्टरं माळ्यावर आहेत, पावसाचं म्हणून काकांनी काल दुहेरी प्लॅस्टिक घातलंय. तुला लागली तर आहेत, पेशंटना विचारून आणि एथिक्स कमिटीकडून रीतसर, मी तेव्हा केलं तसं नुसतं वहीत नाही.

पाऊस थोडा कमी झालाय. हिंदू कॉलनीच्या काकू मंगळवारी येऊन गेल्या, ऐंशी पार, आता टॅक्सीने येतात आणि जिना चढताना मधे एकदा थांबतात. पाच मिनिटं बाकावर गप्प बसल्या, मी मोजलं, १३४, ७८. पट्टा सोडताना विचारत होत्या, "मुलगी हार्टची होणार का शुगरची?" मी म्हटलं शनिवारी कळेल.

छत्री घेऊन जात जा गं.

तुझी,
आई